केळणेचा उतार

२९ ऑगस्ट १८०३. औरंगाबादच्या तटाबाहेर, नगरकडून येणाऱ्या वाटेच्या कडेला तुम्ही उभे आहात. पावसाळा अजून सरलेला नाही, पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतताहेत. समोरून जाणारे लष्कर संपता संपत नाही. आधी घोडदळ गेले, मग लाल डगल्यांच्या पलटणी, मग तोफा ओढणारे बैल. आता त्यांच्यामागून बुणगे चालले आहेत: बायका, पोरे, भिस्ती, मोदी, धान्याच्या गोण्या लादलेले वंजाऱ्यांचे तांडे. या शहराने याहून मोठी लष्करे पाहिली आहेत. मलिक अंबरने ते वसवले, औरंगजेबाने त्याला तट घातला, पहिल्या निजामाने इथून दख्खनचा कारभार हाकला. पुढे १७६३ मध्ये निजामअलीने राजधानी हैदराबादला नेली आणि शहराची रया गेली. तो निजामअलीही तीन आठवड्यांपूर्वी वारला. नवा निजाम सिकंदरजाह गादीवर बसतो न बसतो, तोच त्याच्या मुलखात एकीकडून हे इंग्रज शिरले आहेत आणि दुसरीकडून अजिंठ्याचा घाट चढून दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले.

लष्कराच्या पुढच्या भागात बाकदार नाकाचा, सडपातळ बांध्याचा एक स्वार आहे. त्याला नीट पाहून घ्या. वय चौतीस, नाव आर्थर वेलस्ली. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीचा हा धाकटा भाऊ. १२ ऑगस्टला त्याने नगरचा किल्ला घेतला. त्याला अजून कुणी ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणत नाही. वॉटर्लूला बारा वर्षे अवकाश आहे, ब्रिटनचे पंतप्रधानपद पंचवीस वर्षे दूर आहे. आणि एक दिवस याच माणसापुढे इंग्लंडचा राजा हात टेकणार आहे.

इंग्लंडच्या राजगादीची आणि पार्लमेंटची गोष्ट आपण लंडनमध्ये घडलेली म्हणून वाचतो. ती इथून, आजच्या संभाजीनगरहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा एका नदीच्या पात्रातून गेलेली आहे, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना लागलेली गोळी फक्त चाटून जाऊ दिली आणि सगळा इतिहास दुसऱ्या वाटेने नेला. मराठी वाचकाला अशा प्रवासाची सवय त्यांनीच लावली. पानिपत मात्र इथून फार लांब. आपल्या दाराशी असलेले वळण पाहायला चला.

२१ सप्टेंबर, बदनापूर. आज जालन्याच्या गाडीत बसलात की हे स्टेशन लागते. इथे वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांचे ठरते: दोघांनी डोंगराच्या दोन अंगांनी जायचे आणि २४ तारखेला एकदम शिंदे-भोसल्यांच्या तळावर पडायचे. तळ भोकरदनजवळ आहे, अशी हरकाऱ्यांची खबर आहे.

२३ तारखेला सकाळी नळणीपाशी मुक्कामाच्या बेतात असताना वेलस्लीला कळते की शत्रू अगदी जवळ आहे. तो स्टीव्हन्सनची वाट पाहत नाही. तुम्ही त्याच्यामागून टेकाडावर चढता आणि तुमच्या घशाला कोरड पडते. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर आणि तिच्या पलीकडे, नजर पोचेल तिथवर राहुट्या आहेत. तीस हजारांवर घोडदळ, दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीजवळ साडेचार हजारांच्या घरात कवायती फौज आहे, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार.

हो, पेशव्यांचे. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात हडपसरला यशवंतराव होळकराने शिंदे आणि पेशवे दोघांनाही झोडपले. दुसरा बाजीराव वसईला पळाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी इंग्रजांशी तह करून बसला. म्हणून आज पेशव्यांचे स्वार घेऊन बापू गोखले वेलस्लीच्या बाजूने उभे आहेत.

समोर केळणा आहे. वाटाडे सांगतात, इथे उतार नाही. वेलस्ली दुर्बीण लावतो. त्याला अलीकडच्या काठावर एक गाव दिसते आणि बरोबर त्याच्यासमोर पलीकडे दुसरे. त्यातले एक पिंपळगाव. दोन गावे अशी समोरासमोर असतील तर मध्ये जायची-यायची वाट असणारच, असा तो आडाखा बांधतो. पुढे आयुष्यभर या तर्काचे कौतुक होत राहिले. या भागातल्या कुठल्याही बाईने त्याला हे सांगितले असते. समोरासमोरच्या गावांत सोयरिकी होतात, माहेरवाशिणी पाण्यातून चालत जातात. नदी उतरू द्यायला तयार होती आणि शिंद्यांच्या तळावर त्या उतारावर पहारा ठेवावा असे कुणाला सुचले नव्हते.

तुम्हीही पाण्यात उतरा. पाणी कमरेपर्यंत आहे आणि पलीकडून तोफा सुरू झाल्या आहेत. वेलस्लीच्या शेजारच्या ऑर्डर्ली स्वाराचे डोके तोफेच्या गोळ्याने उडते. घोडा ते धड घेऊनच काही पावले चालत राहतो. मागोमाग पर्शियन जाणणारा एक तेवीस वर्षांचा मुलकी कारकून घोड्यावर येतो आहे. लढाई त्याने अशी कधी पाहिलेली नाही. त्याचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन.

पलीकडे चढून आलात की शिंद्यांच्या कंपूंकडे बघा. त्यांचा मुख्य अधिकारी पोहलमन हानोव्हरचा आहे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हाच हानोव्हरचाही राज्यकर्ता, म्हणजे ज्या राजाच्या फौजेवर पोहलमन तोफा डागतो आहे त्याच राजाची तो जन्माने प्रजा. पगार मात्र शिंद्यांचा. बेगम समरूच्या पलटणीही याच तळावर आहेत. वेलस्लीला वाटले होते की बाजूने शिरलो की ही फौज गोंधळेल. पण पोहलमन सगळी रांग काटकोनात फिरवतो, कवायतीच्या मैदानावर फिरवावी तशी सफाईने. वेलस्ली हे पाहून चकित होतो. तुम्हीही व्हाल, कारण आपल्याला शाळेत सांगतात की मराठ्यांना नवे युद्धतंत्र जमले नाही. इथे, तुमच्या डोळ्यांसमोर, ते जमलेले आहे.

आणि गोलंदाज. माझा जीव या प्रवासात अडकतो तो इथे. संगिनी अंगाशी येईपर्यंत हे लोक तोफा सोडत नाहीत. बत्ती देतात, नळी पुसतात, पुन्हा बार भरतात आणि तोफेपाशीच मरतात. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडतात, पलटण पुढे गेली की उठतात आणि तोफा उलट्या फिरवून तिच्या पाठीवर डागतात. उजव्या बाजूला वेलस्लीच्या एका अधिकाऱ्याची वाट चुकते. त्याची तुकडी आणि तिच्यामागून ७४ वी स्कॉटिश पलटण थेट असई गावातल्या तोफांपुढे जाते. माणसे कणसासारखी कापली जातात. शिंद्यांचे काही स्वार त्यांच्यावर तुटून पडतात. वेलस्लीचा एक घोडा गोळीने मेला आहे, दुसऱ्याला भाला लागतो.

इथे थांबा.

यापुढे जे खरोखर घडले ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात रेंगाळावेसे वाटत नाही. रघूजी भोसले मैदान सोडून गेले, दौलतरावही गेले. हजारो घोडेस्वार लांबून पाहत राहिले. कर्नल मॅक्सवेल ड्रगून घेऊन ७४ व्या पलटणीच्या मदतीला धावला, पुढच्या एका हल्ल्यात मारला गेला, पण तोवर शिंद्यांची रांग फुटली होती. संध्याकाळपर्यंत ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्यांचे ४२८ मेले, ११३८ जखमी झाले. लढलेल्या फौजेतला एक तृतीयांश माणूस पडला. जखमींना अजिंठ्याला नेऊन तिथे दवाखाना थाटला. वर्ष संपायच्या आत देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले. ७४ व्या पलटणीच्या निशाणावर असईचा हत्ती आला. म्हातारपणी वेलिंग्टनला कुणी विचारले की रणांगणावर तुम्ही सर्वांत चांगले काय केलेत, तर तो वॉटर्लूचे नाव घेत नसे. असई, एवढेच म्हणे.

आता दुसरी वाट धरा. इथून पुढचे घडलेले नाही.

वळण कुठे द्यायचे याचा मी पुष्कळ विचार केला आहे. गोळी इकडची तिकडे करणे सोपे आहे, पण असई गोळीने हरली गेली नाही. शिंद्यांचे इंग्रज अधिकारी लढाईआधीच ईस्ट इंडिया कंपनीच्या जाहीरनाम्याला भुलून निघून गेले होते. होळकर माळव्यात बसून राहिला. घोडदळाला कुणी ‘चला’ म्हटले नाही. म्हणून मी फक्त एका माणसाला जागेवरून हलू देत नाही: रघूजी भोसल्यांना.

तुम्ही केळणेच्या दक्षिण काठावर, बापू गोखल्यांच्या घोड्याशेजारी उभे आहात. तिथून दिसते की नागपूरकरांचे घोडदळ निघून जाण्याऐवजी वळले, नदीच्या कडेकडेने आले आणि ज्या उतारावरून वेलस्ली गेला तोच त्यांनी अडवला. दोन नद्यांच्या मधल्या बेचक्यात इंग्रज फौज कोंडली गेली. पुढे तोफा, मागे भाले. वेलस्ली इशारा करतो आहे, गोखल्यांनी मागून हल्ला करावा म्हणून. गोखल्यांचा हात लगामावर आहे. या माणसाचे पुढचे आयुष्य तुम्हाला माहीत आहे: खऱ्या इतिहासात ५ नोव्हेंबर १८१७ ला पुण्याजवळ खडकीला तो इंग्रजांवर चालून जातो, समोर रेसिडेंट असतो तोच एल्फिन्स्टन, आणि तीन-साडेतीन महिन्यांनी आष्टीला गोखले लढता लढता पडतात. आपल्या या गोष्टीत त्यांना चौदा वर्षे आधीच उमगते. ते स्वारांना हलू देत नाहीत.

वेलस्लीचा दुसरा घोडा कोसळतो. वेलस्ली उठत नाही. एल्फिन्स्टन त्याच्या अंगावर पडलेला सापडतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टीव्हन्सन येतो, पाहतो आणि औरंगाबादच्या वाटेने परत फिरतो.

ही बातमी समुद्राने जाते. १८०४ चा वसंत उजाडता तुम्ही लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर, कंपनीच्या कचेरीत आहात. आतल्या एका टेबलावर चार्ल्स लॅम हा निबंधकार कारकुनी करतो आहे. वरच्या मजल्यावर संचालक एकमेकांवर ओरडताहेत. रिचर्ड वेलस्लीच्या युद्धखर्चाला ते आधीच वैतागलेले होते. आता भाऊ गेला, फौज गेली, पेशवा पुन्हा बदलला. शेअर घसरताहेत.

त्यातच राजा आजारी आहे. हे मी रचलेले नाही. १८०४ च्या सुरुवातीला तिसऱ्या जॉर्जच्या मनाचा तोल खरोखरच पुन्हा गेला होता आणि ॲडिंग्टनचे मंत्रिमंडळ मे महिन्यात पडले. खऱ्या इतिहासात राजा सावरला, पिट पंतप्रधान म्हणून परत आला आणि पिटला चार्ल्स जेम्स फॉक्स मंत्री म्हणून हवा असताना राजाने त्याला दारात उभे केले नाही. राजाचा फॉक्सवर जुना राग. १७८३ मध्ये फॉक्सने हिंदुस्थानचा कारभार कंपनीच्या संचालकांकडून काढून पार्लमेंटने नेमलेल्या आयुक्तांकडे द्यायचे विधेयक आणले, कॉमन्समध्ये ते मंजूरही झाले. राजाने लॉर्ड्स सभेत ते पाडायला लावले आणि सरकारच घरी पाठवले.

आपल्या गोष्टीत असईच्या बातमीने राजा सावरत नाही. सात वर्षांनी यायची होती ती रीजन्सी १८०४ मध्येच येते. युवराज रीजंट होतो आणि आपला मित्र फॉक्स याला पंतप्रधान करतो. तुम्ही कॉमन्सच्या सज्जात बसा. फॉक्स जाडजूड, थकलेला, पण बोलायला उठला की सभागृह गप्प होते. एकवीस वर्षांपूर्वीचे विधेयक तो पुन्हा मांडतो आहे. कंपनीने व्यापार करावा, मुलूख जिंकू नये, असे तो म्हणतो, आणि या वेळी त्याच्या हाती हवाल्यासाठी एक गाव आहे. असई हा शब्द तो नीट उच्चारू शकत नाही. विधेयक मंजूर होते.

मला हा प्रसंग मनापासून प्रिय आहे, पण फॉक्सजवळ वेळ नाही हेही मला माहीत आहे. तो १८०६ च्या सप्टेंबरात मरतो, आणि त्या तारखेला ढकलायचे काही कारण माझ्याजवळ नाही. कायदा राहतो. त्याला पाळणारे किती राहतात, हे मी सांगू शकत नाही.

वॉटर्लूवर थांबू नका. वेलिंग्टनशिवाय नेपोलियन तिथे कदाचित जिंकला असता, पण ऑस्ट्रिया आणि रशियाच्या फौजा मागून येतच होत्या. मला तो फरक काही महिन्यांचा वाटतो. त्यापेक्षा ४ मार्च १८२९ ला विंडसरच्या राजवाड्यात चला. खऱ्या इतिहासात त्या दिवशी पंतप्रधान वेलिंग्टन आणि त्याचे मंत्री पील आणि लिंडहर्स्ट चौथ्या जॉर्जपुढे तासन् तास बसतात. आयर्लंड पेटायच्या बेतात आहे, कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसू द्यायलाच हवे. राजा रडतो, शपथेची आठवण देतो, नाही म्हणतो. मंत्री राजीनामे ठेवून निघतात. त्याच रात्री राजा चिठ्ठी पाठवून त्यांना परत बोलावतो. एप्रिलमध्ये कायदा होतो. राजाला नमवायला राजाच्याच बाजूचा, ज्याच्या निष्ठेवर कुणी बोट ठेवू शकणार नाही असा माणूस लागतो, आणि ती पुण्याई वेलिंग्टनने रणांगणावर कमावली होती. आपल्या गोष्टीत ती खुर्ची रिकामी आहे. राजा नाही म्हणतो आणि त्याचे ‘नाही’ टिकते. आयर्लंडचे पुढे काय होते ते बघायची माझी हिंमत नाही. हाच वेलिंग्टन पुढे मताधिकाराच्या सुधारणेला आडवा आला, हेही खरे. पण गादी टिकवायची तर वाकावे लागते, हे राजांना त्याने त्या दिवशी शिकवले. राणी व्हिक्टोरियाने १ मे १८५०ला, त्याच्या वाढदिवशी, जन्मलेल्या मुलाचे नाव आर्थर ठेवले आणि त्यालाच धर्मपिता केले. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसला या आर्थरच्याच किताबाचे नाव आहे.

आता घरी परत चला. १८०४, औरंगाबाद. शिंद्यांची फौज जिंकून आली आहे. तुम्हाला आनंद होतो आणि तो व्हावाच. पण बाजारात फिरा. शिपायांचे पगार थकलेले आहेत, ते गावागावातून वसूल होताहेत. शिंदे-होळकर वैर मिटलेले नाही. दख्खनमध्ये १८०३-०४ चा दुष्काळ खराच पडला होता, तो आपण जिंकलो म्हणून टळत नाही. ज्वारी मिळत नाही. जिंकलेल्या असईनंतर सुवर्णयुग येते असे मी लिहिले तर ते खोटे होईल.

आणि नदीकाठी पडलेला तो तेवीस वर्षांचा कारकून? खऱ्या इतिहासात एल्फिन्स्टन जगला, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर झाला, शाळांसाठी भांडला. तो निघाला तेव्हा त्याच्या नावाने जमलेल्या निधीतून एल्फिन्स्टन संस्था उभी राहिली. तिथे दादाभाई नौरोजी शिकले आणि पुढे गणिताचे प्राध्यापक झाले. तेच दादाभाई १८९२ मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून निवडून आले आणि ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये बसून त्यांनी साम्राज्याला त्याच्या लुटीचा हिशेब विचारला. त्याच एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ मध्ये भीमराव आंबेडकर बी.ए. झाले. आणि १९५० मध्ये बाबासाहेबांनी मराठवाड्याच्या मुलांसाठी कॉलेज काढले ते याच शहरात, आजच्या नागसेनवनात.

शाळा कुणीतरी काढल्याच असत्या, असे तुम्ही म्हणाल. बडोद्याच्या सयाजीरावांसारखे राजे आपल्यात झालेच. बाबासाहेबांना परदेशी पाठवणारी शिष्यवृत्ती त्यांचीच. मला हे मान्य आहे. तरीही शिंद्यांच्या विजयी दरबारातून महाराच्या मुलाला बी.ए. पर्यंत नेणारी वाट कुठून निघते, ती मला शोधूनही दिसत नाही. ज्याने त्या मैदानात आपल्या माणसांवर तोफा फिरवल्या त्याच्या शेजारचा पोरगा जगला म्हणून हे कॉलेज उभे राहिले, ही साखळी मला सोसत नाही आणि तोडताही येत नाही.

म्हणून तुम्हाला खरोखर मागे जाता आले, तर वेलस्लीला गोळी घालू नका. रघूजींच्या कानातही काही सांगू नका. २२ सप्टेंबरलाच असईला पोचा. दौत-लेखणी आणि कोरी वही बरोबर ठेवा. दुसऱ्या दिवशी पडणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांची नावे तारीखवार लिहून ठेवलेली आहेत, त्यांची काळजी करू नका. तुम्ही तोफखान्यात जा. एकेका तोफेपाशी बसा. गोलंदाजाला नाव विचारा, बापाचे नाव विचारा, गाव विचारा, घरी कोण आहे ते विचारा. शंभर तोफा आहेत आणि प्रत्येकीभोवती सात-आठ माणसे, तेव्हा उजाडल्यापासूनच सुरुवात करा.